न भरलेली टर्म

माझ्या नावावर कॉलेजची एक टर्म आहे. एकच. दुसरी भरली नाही, आणि का भरली नाही ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. विचारणारे पुरुष, लिहून घेणारे पुरुष, सही करणारे पुरुष. सांगायचं कुणाला? आता वय झालं, लाजबीज सगळी सरली, म्हणून सांगते.

आमचं घर शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. शहापूर तेव्हा संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. म्हणजे कॉलेजला जायचं तर मी रोज पायी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होते. त्या वेशीवर मला कधी कुणी अडवलं नाही. अडले ती घरातच.

घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत चूल, मागं न्हाणी आणि टीचभर परसू. परसाच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. बाहेर पडायला दार एकच, आणि त्या दाराशी जायचं तर मागाच्या कडेनं, ताणलेल्या रेशमाला पदर लागेल न लागेल असं अंग चोरून जावं लागायचं. माग म्हणजे आमची लक्ष्मी. बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा ताणावर पडता कामा नये, हा आमच्या घरचा नेम. त्यामुळं महिन्याचे चार दिवस आई परसात, आणि मी मोठी झाल्यावर माझे चार दिवस मीही परसात. जेवण मागच्या उंबऱ्यावर सरकवलेलं यायचं. पाचव्या दिवशी न्हाऊन आत. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं. मुलींच्या शाळेत बाई शिकवायच्या, चार दिवस न दिसलेली पोर पाचव्या दिवशी आली की त्या काही विचारायच्याच नाहीत. मॅट्रिक अशीच झाले. आणि चांगली झाले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

कॉलेजात घालायचं आप्पांच्या मनात आलं. आप्पा म्हणजे माझे वडील, स्वतः मराठी तिसरीपर्यंत शिकलेले. माझा भाऊ आणि ते मिळून माग चालवायचे. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. निपाणीचं एक स्थळ आधीच सांगून आलेलं, मुलगा तंबाखूच्या वखारीत कारकून, माणसं बरी. शेवटी आप्पांनी दोन्ही बाजूंना शब्द दिला. एक वर्ष पोरीला द्या. मार्चातली परीक्षा पास झाली तर पुढं शिकंल, बी. ए. होईपर्यंत कुणी लग्नाचं नाव काढायचं न्हाय. पास न्हाय झाली तर वैशाखात निपाणीच्या अक्षता. निपाणीकरही कबूल झाले. सरळ सौदा होता आणि मला त्याची भीती नव्हती. पास होणं माझ्या हातातलं काम होतं. असं मी समजत होते.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजची एक पातळ पिवळट पुस्तिका मिळाली, सगळी इंग्रजीत. ती मी घरी आणली तेव्हा आप्पा मागावर होते. मी मोठ्यानं वाचत गेले आणि हात चालू ठेवूनच ते एकेक शब्द विचारू लागले.

“कंपल्सरी म्हंजे काय गं?”

“घ्यायलाच पायजे ते. इंग्रजी कंपल्सरी हाय.”

“आनि ऑप्शनल?”

“दोन-तीन विषय पुढं ठेवतात. त्यातला एक आपल्या मनानं घ्यायचा.”

आप्पांचा धोटा थांबला. “मनानं? म्हंजे पोरीला इचारत्यात?”

“व्हय.”

“तुला इचारलं?”

“इचारलं की. गणित नको म्हटलं मी.”

“बरं केलंस!” आप्पा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगत सुटले की आमच्या पोरीला कॉलेजात इचारून शिकवत्यात. आईला मात्र त्यात कौतुक वाटेना. “इचारलं तरी गणित नको कशाला म्हणायचं? फुकट मिळतंय ते घ्यायचं,” ती म्हणाली.

मग आप्पांनी विचारलं, “आनि टर्म म्हंजे?”

“वर्साचे दोन भाग. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत एक, दिवाळीपासून मार्चपर्यंत दुसरी. दोन्ही भरल्या की परीक्षेला बसायचं.”

“भरल्या म्हंजे?”

“त्या-त्या टर्मचा अभ्यास पुरा झाला की भरली.”

हे मी सांगितलं. मीच. पुस्तिकेत पुढं एक ओळ होती, प्रत्येक विषयाच्या चार तासांतल्या तीन तासांना वर्गात हजर असल्याशिवाय टर्म मंजूर होणार नाही म्हणून. ती मी वाचली होती, इंग्रजी कळलंही होतं. पण डोक्यात शिरलं नाही. आमच्यात कधी कुणी मागावर बसलेले दिवस मोजले नाहीत हो! लुगडं घेऊन व्यापाऱ्याकडं गेलं की तो काठ बघतो, पदर बघतो, उजेडाकडं धरून वीण बघतो. तू सोमवारी मागावर होतास का, मंगळवारी कुठं गेलतास, असं कोण विचारतंय? माल चोख असला की झालं. कॉलेजातही माल बघतील, असं मी धरून चालले. घरातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

वर्गात आम्ही चार मुली. तास सुरू व्हायच्या आधी मुलींच्या खोलीत थांबायचं, प्रोफेसर निघाले की त्यांच्या मागोमाग खाली मान घालून वर्गात शिरायचं आणि पुढच्या बाकावर बसायचं. हजेरी इंग्रजीत. माझा नंबर आला की उत्तर आधी मनात घोकून मग द्यायची. पण महिन्याभरात सरावले. पहिल्या टर्मला काही अडलं नाही, कारण पावसाळाभर माझी आत्ती, आप्पांची बहीण, आमच्याकडं राहिली होती. ती वयस्क, तिचं ते बाजूला बसणं केव्हाच सरलेलं. आई परसात गेली की आत्ती चूल सांभाळायची, धोट्यात घालायच्या रेशमाच्या कांड्या भरून द्यायची. माझे जायचे ते माझेच चार दिवस. त्या दिवसांत अभ्यासही थांबायचा नाही. पुस्तक शिवलं तर चालतं की नाही, हा प्रश्न आईनं कधी काढलाच नाही. मी परसात गेले की न्हाणीच्या कोनाड्यात माझं पुस्तक कुणीतरी आधीच आणून ठेवलेलं असायचं. सहामाही परीक्षेत मी वर्गात दुसरी आले.

दिवाळी झाली आणि आत्ती तिच्या लेकाकडं संकेश्वरला गेली. उसाचे दिवस, गुऱ्हाळावर माणसं जेवायला, तिला जाणं भाग होतं. आता घरात बायका दोनच, आई आणि मी. आई बाजूला बसली की भाकरी मी करायच्या, पाणी मी भरायचं, आणि दिवसभर कांड्याही मीच भरायच्या, कारण लग्नसराईचा माल मागावर होता आणि कांड्या नसल्या तर माग बंद. आईचे चार दिवस संपले की हटकून माझे लागायचे. झाले महिन्यातले आठ दिवस. गणित नको म्हटलेल्या पोरीनं हे एवढं गणित तरी करायचं होतं. केलं नाही.

एकदा मात्र चुकल्यासारखं वाटलं. प्रोफेसरांनी हजेरी घेताना माझ्याकडं बघून “पुन्हा?” एवढंच म्हटलं. टिळकवाडीतली एक मैत्रीण होती, वकिलाची मुलगी. तिला मी मुलींच्या खोलीत हळूच विचारलं, तुमच्यात कसं करतात गं?

“आमच्यात पण पाळतात,” ती म्हणाली. “पण माझ्या खोलीला बागेकडून वेगळं दार आहे. मी सरळ येते. आईला माहीत असतं, ती बोलत नाही.”

तिचं मनगटी घड्याळ, तिच्या सायकलवाल्या भावाची ऐट, कशाचाही मला कधी हेवा वाटला नाही. त्या दाराचा वाटला. इतका वाटला की पुढच्या महिन्यात मी घरी सांगितलंच नाही. गप्प मागाच्या कडेनं गेले, गप्प आले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ताणाचे धागे पटापट तुटायला लागले. आप्पा गाठी मारून मारून कंटाळले. बेळगावच्या कोरड्या थंडीत रेशीम तुटतंच, हे आज मला कळतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं, हे माझ्यामुळंच. आप्पा वाकून धागा शोधत होते, त्यांच्या मानेवर घाम, आणि मी दारात वह्या घेऊन उभी. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी रडायला लागले. तिनं मारलं नाही, पुरुषांना कळूही दिलं नाही. पण त्यानंतर ती माझे दिवस मोजायला लागली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली.

मग एक दिवस कॉलेजच्या फळ्यावर नावांची यादी लागली. माझं नाव होतं. मला वाटलं, ताकीद दिली असेल. टिळकवाडीची मैत्रीण माझा हात धरून बाजूला घेऊन गेली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हजेरी कमी, म्हणून टर्म मंजूर नाही. टर्म नाही तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत. फॉर्म नाही तर परीक्षा नाही.

“अगं, पण माझा सगळा अभ्यास झालाय,” मी म्हटलं.

“अभ्यासाचं कोण बोलतंय?” ती म्हणाली.

कसला राग आला मला! त्या यादीचा, त्या पिवळ्या पुस्तिकेचा, माझ्या आंधळेपणाचा. अभ्यासाचं कोण बोलतंय म्हणे! मग इथं बोलायचं तरी कशाचं?

हेडक्लार्ककडं गेले. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की थोडी हजेरी कमी असली तर प्रिन्सिपॉल माफ करू शकतात, त्यांच्या शिफारशीवर वरून मंजुरी येते, पण कारण सबळ पाहिजे. एक छापील कागद दिला. त्यात रकाना होता, गैरहजेरीचं कारण. मी टाक हातात घेऊन उभी राहिले. शेवटी लिहिलं, घरची कारणं.

“कसली घरची कारणं? हे चालत नाही,” ते म्हणाले. “आजारी होता का? मग आजार लिहा आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा.”

सर्टिफिकेटसाठी आई मला घेऊन शहापुरातल्या डॉक्टरांकडं गेली. म्हातारे होते, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या नाड्या त्यांनी बघितलेल्या. आईनं पदर तोंडाशी धरून, भिंतीकडं बघत, तुटक तुटक सगळं सांगितलं. त्याआधी कंपाउंडर पुड्या बांधत होता, तो बाहेर जाईपर्यंत अर्धा तास आम्ही नुसत्याच बसून होतो.

“अवो, पण हा आजार न्हवे,” डॉक्टर म्हणाले. “बाईच्या जातीला आसतंयच ते. आजार म्हणून मी कसा लिहू? आणि म्हयन्याला आठ दिवस? आठ कसे?”

आईनं तेही सांगितलं. डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. “म्हंजे चार दिवस लेकीचे आणि चार दिवस आईचे. आईच्या दुखण्याचं सर्टिफिकेट लेकीला द्यायचं व्हय?” त्यांनी लिहून दिलं नाही. खोटी सही जन्मात केली नाही म्हणाले. अख्ख्या शहापुरात एवढा प्रामाणिक माणूस आम्हालाच भेटायचा होता!

घरी आल्यावर आई चुलीपुढं बसून राहिली. “माझ्यामुळं झालं गं,” ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यामुळं कसं? ती म्हणाली, “मग कुणामुळं?” मी चुलीत लाकूड सारलं.

शेवटी आप्पा म्हणाले, “मी येतो. मानूसच हाय न्हवं त्यो प्रिन्सिपॉल? बोलू.” त्यांनी माग बंद ठेवला, काळा कोट घातला, रुमाल बांधला. काय कारण सांगणार, हे ना आईनं विचारलं ना मी. आप्पांना कारण माहीत नव्हतं थोडंच? सोळा-सतरा वर्षांच्या लेकीचं परसात बसणं बापाला दिसतंच. पण बाप-लेकीत तो शब्द कधी निघालेला नव्हता, निघणारही नव्हता. सगळा रस्ता आम्ही हवापाण्याचं बोललो.

प्रिन्सिपॉलांची खोली मोठी. हेडक्लार्क कागद घेऊन उभे, दाराशी शिपाई. आप्पांना खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. प्रिन्सिपॉल खरंच चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. माझे सहामाहीचे मार्क त्यांनी पुढ्यात घेतले होते.

“मुलगी हुशार आहे,” ते म्हणाले. “हिला अडवायची माझी इच्छा नाही. मला फक्त एक कारण हवं आहे. आजारी होती का?”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं.

“नुसतं आजारी होती म्हणा,” प्रिन्सिपॉल पुन्हा म्हणाले, आणि आवाज मुद्दाम खाली आणला. “सर्टिफिकेट मागाहून आणून द्या. मी शिफारस करतो.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी. एक शब्द बोलायचा होता, व्हय म्हणायचं होतं. आज ऐकणाऱ्याला वाटेल, काय माणूस हा, म्हणायला काय जात होतं? पण जात होतं. लग्नाच्या वयाची पोर, स्थळ बोललेलं, आणि चार माणसांपुढं बापानं म्हणायचं की माझी पोरगी महिन्यातले आठ-आठ दिवस आजारी असते? हे आज इथं म्हटलं तर उद्या निपाणीच्या वखारीत पोचणार. मग निपाणी काय, कुठलंच दार उघडणार नाही. आमच्यात पोरीला आजारी म्हणत नाहीत. ताप असला तरी जरा दमलीय म्हणतात.

आप्पांनी छाती पुढं काढली. “आजारी कशानं आसंल, सायेब? पोरगी धडधाकट हाय,” ते म्हणाले. “घरात काम व्हतं. कांड्या भराय मानूस न्हवतं. मीच ठिवून घेतली. चूक माझी हाय, तिची न्हाय.”

प्रिन्सिपॉलांचा चेहरा बदलला. मग ते जे बोलले ते मी खालमानेनं ऐकलं. मुलीला कॉलेजात घालायची हौस करायची आणि घरी मजुरीला जुंपायची, तुम्हा लोकांना शिक्षणाची किंमत नाही, अशा बापांमुळंच मुली मागं राहतात. इंग्रजीतही बोलले, ते आप्पांना कळलं नाही, मला कळलं. आप्पा हात जोडून उभे होते. गल्लीत सगळ्यांना सांगत फिरणारे माझे आप्पा, की पोरीला इचारून शिकवत्यात.

मी तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते कुठल्या शब्दांत म्हणायचं? इंग्रजीत शब्द असणार, कुणी शिकवला नव्हता. मराठीत होते ते सगळे परसातले, बायकांनी बायकांच्या कानात सांगायचे. कन्नडही येत होतं मला, तिथंही तेच. हेडक्लार्क माझ्याकडं बघत होते, शिपाई बघत होता. मी तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथं माझं तोंड कुणी दाबलेलंही नव्हतं.

प्रिन्सिपॉलांनी कागदावर आडवी ओळ लिहिली, शिफारस नाही, आणि खाली सही. “घरकाम हे कारण होऊ शकत नाही,” ते म्हणाले. “टर्म नामंजूर.” कागद हेडक्लार्कनी उचलला. आम्ही नमस्कार करून बाहेर आलो.

फाटकाबाहेर आल्यावर आप्पांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, पुन्हा नीट बांधला. मला वाटलं, आता हे रडतील आणि मी काय करू? पण त्यांचा चेहरा मोकळा होता. ओझं उतरलेल्या माणसासारखे ते झपझप चालायला लागले.

“लई बोललं सायेब,” ते म्हणाले. “बोलू दे. बापाला बोलायचं न्हाय तर कुनाला? तुला कायबी बोललं न्हाईत न्हवं?”

“न्हाय.”

“मग झालं तर. चूक कबूल केली की मोठी मानसं राग धरत न्हाईत.” थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, “परीक्षा कवा म्हनलीस?”

मी त्यांच्याकडं बघितलं. नामंजूर हा शब्द त्यांनी ऐकला होता, माझ्या शेजारीच उभं राहून ऐकला होता. त्यांना वाटलं होतं, तो शब्द त्यांच्या चुकीला लागला, माझ्या परीक्षेला नाही.

“मार्चात, आप्पा,” मी म्हटलं.

“म्हंजे म्हयनाभर हाय की. आता कशाला हात लावू नगंस. बस अभ्यासाला.”

मी व्हय म्हटलं.